हिशेबाच्या बाकीत सापडलेले ग्रह

सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह कधी सापडला, असं विचारलं की बहुतेक जण १९९५ आणि ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह हे उत्तर देतात. सूर्यासारख्या ताऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण त्याच्या तीन वर्षं आधी, जानेवारी १९९२ मध्ये, अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांनी कन्या राशीतल्या एका मेलेल्या ताऱ्याभोवतीचे दोन ग्रह जाहीर केले होते. तो तारा म्हणजे पीएसआर बी१२५७+१२ हा पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरताना दर फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका देणारा तारा. नावातले आकडे हा त्याचा आकाशातला पत्ता: विषुवांश (आकाशातला रेखांश) १२ तास ५७ मिनिटं, क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तरेला १२ अंश.

हे ग्रह कोणी दुर्बिणीतून पाहिले नाहीत, त्यांची सावलीही कोणाला दिसली नाही. ते वजाबाकीत सापडले. पल्सारचा ठोका कधी यायला हवा होता ती वेळ एका रकान्यात, तो प्रत्यक्षात कधी आला ती दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्हींतला फरक तिसऱ्यात. या तिसऱ्या रकान्याला आपण ‘बाकी’ म्हणू. पल्सारभोवतीचे ग्रह शोधणं म्हणजे ही बाकी तपासणं. खरं कौशल्य लागतं ते उरलेली बाकी ग्रहाची आहे, आपल्याच हिशेबातल्या चुकीची नाही, हे सिद्ध करताना.

घड्याळ कसलं आहे

मोठा तारा फुटला की मागे कधीकधी न्यूट्रॉन तारा उरतो. वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट, आणि व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर. तो स्वतःभोवती फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओलहरींचा झोत निघतो आणि दीपगृहाच्या दिव्यासारखा तो दर फेरीला आपल्यावरून जातो. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार १.३३७ सेकंदांनी ठोका देत होता. १९८२ मध्ये १.५६ मिलिसेकंदांचा पल्सार सापडला, म्हणजे सेकंदाला ६४० हून जास्त फेऱ्या.

ग्रह शोधायला हे मिलिसेकंद पल्सारच खरे उपयोगी. ते म्हातारे असतात. कधीकाळी जोडीदार ताऱ्याचा वायू अंगावर ओढून घेताना त्यांची गिरकी वाढलेली असते आणि त्यानंतर ते शांतपणे फिरत राहतात. तरुण पल्सार मात्र लहरी. ३३ मिलिसेकंदांचा क्रॅब पल्सार मधूनच अचानक किंचित वेगाने फिरू लागतो, आणि एरवीही त्याची चाल संथपणे इकडेतिकडे भरकटत असते. १९७० मध्ये या भरकटण्याचं कारण म्हणून त्याच्याभोवती ग्रह असावा असं सुचवलं गेलं होतं. ग्रह नव्हता, तो त्या ताऱ्याचा स्वभावच होता.

एका ठोक्याची वेळ कशी घेतात

एकटा ठोका सहसा गोंगाटात बुडालेला असतो, शिवाय दर ठोक्याचा आकार वेगळा असतो. स्थिर असते ती हजारो ठोक्यांची सरासरी. म्हणून नोंदवलेल्या संकेताची घडी घालतात. लांब कागदी पट्टी घ्यायची, नेमकी एका फेरीच्या लांबीवर दुमडत जायची आणि सगळ्या घड्यांची बेरीज करायची. बी१२५७+१२ ची फेरी ६.२१८५ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे एका मिनिटात सुमारे ९,६५० घड्या. गोंगाट घडीगणिक वेगळा असल्यामुळे बेरजेत एकमेकाला कापत जातो, संकेत मात्र दरवेळी त्याच जागी पडतो. घड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका फायदा होतो, म्हणजे इथे सुमारे ९८ पट.

मग हा सरासरी ठोका एका स्वच्छ नमुना-ठोक्यावर सरकवून बसवतात. किती सरकवावा लागला यावरून येण्याची वेळ निघते. ही वेळ किती नेमकी असेल याचा अंदाज सोपा आहे: ठोक्याची रुंदी भागिले संकेत-गोंगाट गुणोत्तर. रुंदी अर्धा मिलिसेकंद आणि गुणोत्तर १०० असेल तर चूक ५ मायक्रोसेकंदांच्या आसपास. दुर्बीण मोठी हवी ती याचसाठी.

इथे पहिली अडचण येते. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना जास्त रखडवतात. किती रखडवतात ते वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येवर अवलंबून असतं. ही संख्या घनसेंटीमीटरमागे इलेक्ट्रॉन गुणिले पार्सेक (ताऱ्यांची अंतरं मोजायचं एकक) अशी मोजतात आणि बी१२५७+१२ साठी ती सुमारे १०.२ आहे. हिशेब केला तर ४३० मेगाहर्ट्झवरचा ठोका सुमारे २२८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे ३६ फेऱ्यांहून जास्त उशीर. सरसकट उशीर चालला असता. पण ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा १० मेगाहर्ट्झचा पट्टा एकत्र घेतला तर त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्येच साडेदहा मिलिसेकंदांचा फरक पडतो. फेरी ६.२ मिलिसेकंदांची आणि पसरण १०.६ ची, म्हणजे ठोका पुसलाच गेला! म्हणून पट्ट्याचे अरुंद कप्पे करतात. १२८ कप्पे केले तर एका कप्प्यात ८३ मायक्रोसेकंदच पसरण उरते, आणि प्रत्येक कप्पा आपापल्या उशिराइतका मागे सरकवून मग बेरीज करतात. हल्लीची यंत्रणा त्याही पुढे जाऊन मूळ लहरीवरच उलटी प्रक्रिया करते आणि कप्प्यातली पसरणही काढून टाकते.

या बाबतीत नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीला विशेष किंमत आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उत्तम चालते, आणि इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर तिथेच सर्वांत ठळक दिसतो. उशीर ठळक, म्हणून तो मोजताही नेमका येतो. भारतीय पल्सार टायमिंग प्रकल्प जीएमआरटीचा नेमका हाच गुण वापरतो.

घड्याळ पृथ्वीवर ठेवून चालत नाही

वेधशाळेतलं घड्याळ हायड्रोजन मेसरचं, म्हणजे एक अतिशय नेमकं अणुघड्याळ असतं आणि ते आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेशी ताडून घेतलेलं असतं. पण पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती फिरते. प्रकाशाला सूर्यापासून इथवर यायला ४९९ सेकंद लागतात. म्हणून पल्सारच्या दिशेला असताना आपल्याला ठोके ८ मिनिटांपर्यंत लवकर मिळतात आणि सहा महिन्यांनी पलीकडे गेल्यावर तितकेच उशिरा. सगळ्या वेळा म्हणून एका स्थिर बिंदूवर नेऊन ठेवतात: सूर्यमालेचा गुरुत्वमध्य. हा बिंदू सूर्याच्या केंद्रात नसतो. गुरू-शनी एका बाजूला आले की तो सूर्याच्या पृष्ठभागाबाहेरही जातो. त्यामुळे सगळ्या ग्रहांची स्थानं देणारं पंचांग लागतं, आणि नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची डीई मालिका जगभर यासाठी वापरतात.

त्याखेरीज आइनस्टाइनचे दोन कर भरावे लागतात. पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या जवळ-दूर होते तसं आपलं घड्याळ किंचित मंद-जलद चालतं. हा फेर १.६६ मिलिसेकंदांचा आहे. दुसरा कर सूर्याजवळून जाणाऱ्या लहरींना लागतो. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्यांना शंभराहून जास्त मायक्रोसेकंदांचा उशीर होतो.

आता नेमकी जागा आली जिथे पावलं घसरतात. गुरुत्वमध्यावर वेळ न्यायची तर पल्सार आकाशात नक्की कुठे आहे ते माहीत हवं. पत्ता एका विकलेने चुकला, म्हणजे एका अंशाच्या ३,६०० व्या भागाने, तरी बाकीमध्ये २.४ मिलिसेकंदांची वार्षिक लाट उमटते. आणि सूर्याइतक्या अंतरावरून फिरणारी आपली पृथ्वी पल्सारला किती हलवेल? १.०७ मिलिसेकंद. म्हणजे अर्ध्या विकलेची चूक पृथ्वीएवढा खोटा ग्रह तयार करू शकते.

फेऱ्या मोजणं

नवीन पल्सार सापडल्यावर पहिलं काम ग्रहांचं नसतं. पहिलं काम, एकही फेरी न गाळता मोजणं. बी१२५७+१२ दिवसाला सुमारे १ कोटी ३९ लाख फेऱ्या मारतो. फेरीचा काळ तुम्ही सेकंदाच्या एक लक्षकोट्यांशाने, म्हणजे एका पिकोसेकंदाने चुकलात, तर एका दिवसात १४ मायक्रोसेकंदांची चूक साठते. फार नाही. पण वर्षभरात ती ५ मिलिसेकंद होते, जवळजवळ एक आख्खी फेरी, आणि मग मधे नक्की किती फेऱ्या झाल्या हे सांगता येत नाही.

म्हणून निरीक्षणांची आखणी पायरीपायरीने करतात. आधी त्याच दिवशी काही तासांच्या अंतराने दोन-तीन वेळा, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक टप्प्यावर काळ इतका नेमका झालेला हवा की पुढच्या निरीक्षणापर्यंतची चूक अर्ध्या फेरीच्या आत राहील. घाईने पहिल्याच आठवड्यानंतर तीन महिन्यांची दांडी मारली की साखळी तुटते आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. नव्या पल्सारच्या बाबतीत ही फार नेहमीची चूक आहे.

साखळी जुळली की बाकीचा आलेख काढतात: आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर मायक्रोसेकंद. हा आलेख वाचायला शिकणं म्हणजे नाडीपरीक्षा. सरळ तिरकी रेघ दिसली तर फेरीचा काळ चुकलाय. वाडग्यासारखा वक्र असेल तर पल्सार मंदावण्याचा दर चुकलाय. बरोबर वर्षाची लाट असेल तर आकाशातला पत्ता चुकलाय. वर्षाचीच लाट, पण दरवर्षी मोठी होत जाणारी, तर पल्सार आकाशात सरकतोय आणि तुम्ही त्याला स्थिर धरलंय. एका ठरावीक तारखेला सगळे ठिपके एकदम वर किंवा खाली गेले तर त्या दिवशी वेधशाळेने रिसीव्हर, केबल किंवा नोंदणी-यंत्र बदललं असण्याची शक्यता दाट. हे सगळं दुरुस्त केल्यावर ठिपके शून्याच्या रेषेभोवती वेडेवाकडे विखुरले तर पल्सार एकटा आहे. आणि तरीही कुठल्याशा भलत्याच काळाची, ६६ दिवसांची किंवा ९८ दिवसांची, सुबक लाट उरली तर खुर्चीत ताठ बसायचं.

त्या लाटेचं कारण सोपं आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण दोघंही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. पल्सार आपल्याकडे येतो तेव्हा ठोके लवकर पोहोचतात, दूर जातो तेव्हा उशिरा. लाटेची उंची काढायची तर ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर (प्रकाशसेकंदांत) घ्यायचं आणि ग्रहाच्या व ताऱ्याच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराने गुणायचं. ग्रह जितका दूर तितकी लाट मोठी. साध्या ताऱ्यांच्या वर्णपटावरून ग्रह शोधताना नेमकं उलटं असतं, कारण तिथे वेग मोजतात आणि दूरचा ग्रह ताऱ्याला सावकाश हलवतो. इथे थेट जागा मोजली जाते. त्यामुळे एक खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराइतक्या) अंतरावर चंद्राएवढा गोळा असला तरी १३ मायक्रोसेकंदांची लाट देतो, आणि चांगल्या मिलिसेकंद पल्सारमध्ये ती दिसू शकते.

प्रत्येक ग्रहासाठी पाच आकडे बसवावे लागतात: काळ, लाटेची उंची, कक्षेचा लंबगोलपणा, त्या लंबगोलाची दिशा आणि ग्रह ताऱ्याच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ. पण बसवण्याच्या या प्रक्रियेत ग्रह गिळलाही जाऊ शकतो. नेमकं एका वर्षाचा ग्रह असेल तर गणित त्याला पत्त्याची चूक समजून साफ करून टाकतं. निरीक्षणांच्या एकूण कालावधीहून खूप लांब फेरीचा ग्रह असेल तर त्याच्या लाटेचा तुकडा वाडग्यासारखा दिसतो आणि मंदावण्याच्या दरात विरून जातो.

ग्रह जो नव्हता

जुलै १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रल बँक वेधशाळेच्या मॅथ्यू बेल्स, अँड्र्यू लाइन आणि सेत्नाम शेमार यांनी बी१८२९-१० या पल्सारभोवती ग्रह असल्याचं प्रसिद्ध केलं. वस्तुमान पृथ्वीच्या १० पट, फेरी सहा महिन्यांची. सहा महिने! वर्षाचा बरोबर अर्धा. ही शंका लेखकांनाही होती, पण पत्त्याची चूक एका वर्षाची लाट देते, अर्ध्या वर्षाची नाही, आणि वर्षाची लाट तर बाकीत नव्हती.

चूक दोन पायऱ्यांची निघाली. पल्सारचा सुरुवातीचा पत्ता सुमारे ७ कलांनी चुकलेला होता. ७ कला म्हणजे ४२० विकला, म्हणजे वर्षाची लाट जवळजवळ एका सेकंदाची. ही लाट दिसली आणि पत्ता दुरुस्त करून काढूनही टाकली गेली. पण दुरुस्तीच्या गणितात पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल धरली होती. प्रत्यक्षात ती किंचित लंबगोल आहे, लंबगोलपणा ०.०१६७. लंबगोलावरून फिरणाऱ्या पृथ्वीची चाल साध्या वार्षिक लाटेत पूर्ण मावत नाही, तिच्यात अर्ध्या वर्षाचा एक बारीक उपांश असतो. त्याचा आकार मूळ लाटेला ०.०१६७ ने गुणून निम्मा करा: एका सेकंदाला ८ मिलिसेकंद. दहा पृथ्वींच्या त्या ग्रहाची लाट याच आकाराची होती.

नव्या, नेमक्या पत्त्याने सगळा हिशेब मुळापासून पुन्हा केल्यावर ग्रह नाहीसा झाला. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा इथे अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत लाइन यांनी उभं राहून चूक नेमकी कुठे झाली ते सांगितलं, आणि सभागृहाने टाळ्यांनी दाद दिली. त्याच बैठकीत वोल्शचान आपले दोन ग्रह घेऊन आले होते. याहून अवघड जागी कोणाला बोलावं लागलं असेल असं वाटत नाही.

ग्रह जे होते

वोल्शचान यांना बी१२५७+१२ सापडला तो एका दुरुस्तीमुळे. १९९० मध्ये प्वेर्तो रिकोमधल्या ३०५ मीटरच्या अरेसिबो दुर्बिणीच्या सांगाड्याचं काम चालू होतं, ती हव्या त्या दिशेला वळवता येत नव्हती, आणि तिचे नेहमीचे वापरकर्ते बाहेर होते. आकाश जसं वरून सरकेल तसं नोंदवत राहायचं, एवढंच शक्य होतं. अशा शोधाला एरवी इतका वेळ मिळाला नसता. त्यात बी१५३४+१२ ही न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली आणि बी१२५७+१२ सापडला.

दुसऱ्याची बाकी काही केल्या सपाट होईना. इथे फ्रेल यांची भूमिका निर्णायक ठरते. त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरेने पल्सारचं चित्र घेऊन त्याचा पत्ता विकलेच्याही लहानशा भागापर्यंत नेमका मोजला. हा पत्ता ठोक्यांच्या वेळांतून काढलेला नव्हता, म्हणजे ग्रह आणि पत्ता एकमेकांच्या चुका झाकण्याची सोय संपली. पत्ता बाहेरून घालून दिला तरी बाकीत दोन लाटा उरल्या, ६६.५ आणि ९८.२ दिवसांच्या. उंची अनुक्रमे १.३१ आणि १.४१ मिलिसेकंद. दोन्ही काळ वर्षाचे साधे भाग नाहीत, हेही बरं झालं.

१.३१ प्रकाश-मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३९० किलोमीटर. सूर्याहून जड तारा २,००० हून जास्त प्रकाशवर्षांवर आहे, तो ३९० किलोमीटर पुढे-मागे होतो, वेग सेकंदाला ४३ सेंटीमीटर, आणि ते इथे बसून कळतं.

तरीही बी१८२९-१० ताजं होतं आणि शंका घेणारे होते. पुरावा आला तो ग्रहांच्या आपसातल्या ओढाताणीतून. ९८.२ आणि ६६.५ यांचं गुणोत्तर ३:२ च्या अगदी जवळ आहे. आतला ग्रह तीन फेऱ्या मारतो तोवर बाहेरचा जवळजवळ दोन. त्यामुळे दोघे पुन्हा पुन्हा कक्षेच्या जवळपास त्याच भागात समोरासमोर येतात आणि प्रत्येक वेळी एकमेकाला थोडी ओढ देतात. गुणोत्तर नेमकं ३:२ नसल्याने ही भेटीची जागा हळूहळू सरकते आणि साधारण साडेपाच वर्षांत एक चक्र पूर्ण होतं. त्या चक्रात दोन्ही कक्षा किंचित बदलायला हव्यात, एकीचा काळ वाढला की दुसरीचा घटायला हवा. हे भाकीत १९९२ मध्येच मांडलं गेलं आणि १९९४ मध्ये वोल्शचान यांनी ते मोजून दाखवलं. पत्त्याची चूक, पंचांगाची चूक, पल्सारचा स्वभाव, यांतलं काहीही अशी एकमेकांशी जुळलेली ओढाताण घडवू शकत नाही. विषय तिथे मिटला.

या ओढाताणीचा आणखी एक फायदा झाला. एरवी ठोक्यांवरून ग्रहाचं किमान वस्तुमान तेवढं कळतं, कारण कक्षा आपल्या दृष्टिरेषेला किती कललेली आहे ते माहीत नसतं. १९९२ चे आकडे म्हणून ३.४ आणि २.८ पृथ्वी असे किमान होते. ग्रह एकमेकाला किती ओढतात हे मात्र खऱ्या वस्तुमानावर ठरतं. २००३ मध्ये मात्सेय कोनात्स्की आणि वोल्शचान यांनी त्यावरून ४.३ आणि ३.९ पृथ्वी ही खरी वस्तुमानं काढली. कल सुमारे ५३ आणि ४७ अंश निघाला, म्हणजे दोन्ही कक्षा जवळपास एकाच पातळीत आहेत.

१९९४ मध्येच तिसरा, सर्वांत आतला ग्रह जाहीर झाला. फेरी २५.३ दिवसांची, लाट फक्त ३ मायक्रोसेकंदांची, वस्तुमान पृथ्वीच्या ०.०२ पट, चंद्राच्या दुपटीहून कमी. यावर आक्षेप आला तो रास्त होता. सूर्यही साधारण पंचवीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो, मग त्याच्या वाऱ्यातले इलेक्ट्रॉन तर हा खेळ करत नसतील? कसोटी सोपी होती. इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४३० मेगाहर्ट्झवर जी लाट दिसते ती १,४०० वर जवळजवळ साडेदहा पटींनी लहान व्हायला हवी. ती झाली नाही. गुरुत्वाकर्षणाला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे ग्रह टिकला. आजही हा ज्ञात असलेल्या सर्वांत हलक्या परग्रहांपैकी एक आहे. २०१५ मध्ये या त्रिकुटाला भुताखेतांची नावं मिळाली, ड्रॉगर, पोल्टरगाइस्ट आणि फोबेटर. मेलेल्या ताऱ्याला शोभतील अशी, पण संशोधक अजून ए, बी, सी असंच म्हणतात.

बाकीची मंडळी

अशी कुटुंबं दुर्मीळ आहेत. जॉड्रल बँकेच्या ८०० पल्सारांच्या नोंदी चाळून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पृथ्वीसारखे ग्रह असलेले पल्सार अर्ध्या टक्क्याहूनही कमी असावेत. ते साहजिकही आहे. तारा फुटताना जोडगोळीचं निम्म्याहून जास्त वस्तुमान झटक्यात निघून गेलं की भोवतीचं सगळं सुटून जातं. म्हणून बी१२५७+१२ चे ग्रह स्फोटानंतर, पल्सारभोवती उरलेल्या किंवा जमलेल्या द्रव्याच्या चकतीतून नव्याने बनले असावेत, असं बहुतेकांचं मत आहे. तिथे राहण्याजोगं काही असेल अशी आशा नको: हा पल्सार सूर्याच्या सुमारे पाचपट ऊर्जा बाहेर टाकतो आणि तिचा मोठा भाग कणांच्या वाऱ्याच्या रूपात असतो.

वृश्चिकेतल्या ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या एम४ या गोलाकार तारकागुच्छात बी१६२०-२६ आहे. त्याचा श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) जोडीदार १९१ दिवसांत फिरतो, आणि या जोडीभोवती शंभरेक वर्षांच्या फेरीचा एक ग्रह आहे. एवढी लांब फेरी पूर्ण बघायला कोण बसणार? तो सापडला तो वाडग्याच्या पुढच्या वळणात: मंदावण्याचा दरच बदलत होता, तोही पल्सारच्या स्वभावाला न शोभणाऱ्या वेगाने. २००३ मध्ये हबल दुर्बिणीने श्वेतबटू ओळखून त्याचं वस्तुमान दिलं, मग ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या अडीच पट ठरलं. तारकागुच्छाचं वय १२ अब्ज वर्षांहून जास्त आहे.

पीएसआर जे१७१९-१४३८ ची तऱ्हा वेगळीच. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने सापडलेल्या या पल्सारचा साथीदार २.२ तासांत फेरी मारतो, आणि वस्तुमान गुरूहून थोडं जास्त. इतक्या जवळ फाटून न जाता टिकायला किती घन असावं लागेल हे निव्वळ फेरीच्या काळावरून निघतं: किमान २३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे शिशाच्या दुपटीहून जास्त. वायूचा गोळा असणं शक्य नाही. हा बहुधा एका श्वेतबटूचा सोलून उरलेला कार्बनचा गाभा आहे. २०११ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याला हिऱ्याचा ग्रह केलं. गंमत अशी की तो जाहीर करणाऱ्या गटाचे प्रमुख मॅथ्यू बेल्सच होते.

जे२३२२-२६५० च्या ग्रहाचा तर प्रकाशच मोजता आला. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याच्या वातावरणात हेलियम आणि कार्बनचे दोन-तीन अणूंचे रेणू असल्याचं पुढे आलं. साध्या ताऱ्याजवळचा ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो. पल्सार अवरक्त प्रकाशात जवळपास अदृश्य असतो, त्यामुळे इथे ७.८ तासांत फिरणाऱ्या ग्रहाचा वर्णपट भेसळीशिवाय मिळाला.

स्वतः करून बघायचं असेल तर

पिंट नावाची पायथनमधली मोफत प्रणाली हेच सगळं काम करते. दोन फायली लागतात: ‘पार’ फाइलमध्ये पल्सारची माहिती (पत्ता, फेरीचा वेग, मंदावण्याचा दर, इलेक्ट्रॉनांचा आकडा) आणि ‘टिम’ फाइलमध्ये ठोक्यांच्या वेळा. सरावासाठी प्रणालीसोबतच एनजीसी ६४४०ई या पल्सारच्या ६२ वेळा मिळतात, सुमारे दोन वर्षांत पसरलेल्या. आधी आहे तसा बसवून बाकी सपाट करा. मग पार फाइलमधला विषुवांश ०.०७ सेकंदांनी, म्हणजे सुमारे एका विकलेने हलवा आणि काही न बसवता आलेख पुन्हा काढा. अडीच मिलिसेकंदांच्या आसपास उंचीची वार्षिक लाट समोर येईल. क्रांती तितकीच हलवली तर मात्र फारसं काही दिसणार नाही, कारण हा पल्सार क्रांतिवृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला लागून आहे आणि पृथ्वीची फेरी त्या दिशेने जवळजवळ काहीच मोजत नाही. शेवटी विषुवांश पूर्ण एका सेकंदाने हलवून बघा. अपेक्षित लाट ३४ मिलिसेकंदांची, पण फेरी १६.३ मिलिसेकंदांची, म्हणजे प्रणालीने प्रत्येक ठोका भलत्याच फेरीला जोडलेला असतो. आलेखात लाट दिसत नाही, नुसते तुटलेले तुकडे दिसतात.